मांजरपाटाच्या बारा बायका

इचलकरंजीत आमच्या दोन खोल्या होत्या. एक आमची आणि एक परकरांची. वडील यंत्रमागावर पाळी करायचे आणि आई एका दुकानदारासाठी परकर शिवायची. पत्रा गळायला लागला की आई आधी परकरांच्या गठ्ठ्यांवर प्लॅस्टिक टाकायची, मग माझ्या धाकट्या भावावर. भाऊ भिजला तर वाळतो, परकराला डाग पडला तर दुकानदार परत पाठवतो, असं तिचं म्हणणं. नाडी घालायचं काम माझं. सेफ्टी पिनेला नाडी बांधून ती नेफ्यातून सरकवत सरकवत मी दहावीचा भूगोल पाठ केला, बारावीचं अर्थशास्त्र पाठ केलं आणि बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचं कॉस्टिंगसुद्धा. आईकडच्या, वडिलांकडच्या, चुलत-मावस सगळ्या गोतावळ्यात कॉलेज पुरं केलेली मी पहिली. सेकंड क्लास. हे मी कुठेही, कुणालाही, कुणी न विचारता सांगते. ज्यांच्या घरात तीन पिढ्या ग्रॅज्युएट आहेत त्यांनी खुशाल हसावं.

निकाल लागला त्या दिवशी मी आईला सांगितलं, "आजपासून मी सुईला हात लावणार नाही."

आई "बरं" म्हणाली आणि माझ्या पुढ्यातला गठ्ठा तिनं स्वतःकडे ओढून घेतला.

ही शपथ मोडायला मला जपानपर्यंत जावं लागलं, आणि ती मोडायला लावणारी बाई निघाली दादरची.

मोठा भूकंप झाला त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही टोकियोत गेलो. खरं सांगायचं तर भूकंपामुळेच गेलो. माझ्या नवऱ्याच्या कंपनीतली बरीच मंडळी घरच्यांच्या रडारडीला कंटाळून परत गेली होती. पुण्याच्या ऑफिसात "कोण जातंय?" असं विचारल्यावर वर गेलेला एकुलता एक हात आमच्या ह्यांचा. निशी-कसाईत घर मिळालं. हे सकाळी कावासाकीच्या ऑफिसला जायचे आणि मी घरात बसून कचऱ्याचं वेळापत्रक वाचायची. जळणारा कचरा कधी, न जळणारा कधी, बाटल्या कधी, पुठ्ठे कधी. माझ्या पदवीला तेव्हा एवढंच काम होतं.

एक दिवस स्टेशनजवळच्या भारतीय दुकानात मी दुकानदाराशी हिंगावरून भांडत होते. हिंग जुना आहे, त्याला वासच नाही, असं माझं म्हणणं. तेवढ्यात मागून मराठीत आवाज आला, "हिंग चांगला आहे. तुम्हाला सर्दी झालीय."

वळून बघितलं. सत्तरीच्या, ठेंगण्या बाई. पांढरे केस पोरांसारखे कापलेले, पायांत पँट, आणि जिथं आपण घड्याळ बांधतो तिथं टाचण्या खोचलेली लहानशी गादी. मला खरंच सर्दी झाली होती.

"काय करता?" त्यांनी विचारलं.

"सध्या काही नाही. पण मी बी.कॉम. आहे."

"काय करता ते विचारलं. काय आहात ते नव्हतं विचारलं."

ह्या वसुधा कर्णिक. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी ट्रेडिंग कंपनीतल्या नवऱ्याबरोबर जपानला आल्या. वेळ जात नाही म्हणून शिवणाच्या शाळेत गेल्या आणि जपानी बायकांपेक्षा चांगलं कटिंग करायला लागल्या. नाटकांचे कपडे करणाऱ्या एका कारखान्यात आयुष्य काढलं. नवरा गेला, त्या राहिल्या. मी त्यांना काकू म्हटलं तर म्हणाल्या, "काका गेल्यावर काकू कसली? ताई म्हण." पहिल्या पाच मिनिटांत मला 'तू' करून टाकलं आणि नाव विचारायच्या आधीच ग्रॅज्युएट म्हणायला लागल्या. माझं नाव संगीता आहे हे त्यांना माहीत होतं असं मला बरेच महिने वाटत नव्हतं.

"मला मदतनीस पाहिजे. बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम. आठवड्यातून तीन दिवस. इंग्रजी वाचता येतं ना? कागदपत्रांचं काम आहे."

साफ खोटं. कोतो वॉर्डातल्या त्यांच्या घरी गेले तेव्हा दारात पाहिलं ते कापडाचं ठाण. पांढरट, खरखरीत मांजरपाट. आतल्या खोलीत उघड्याबोडक्या, डोकं नसलेल्या पुतळ्या ओळीनं उभ्या होत्या, आणि प्रत्येकीच्या कमरेला नाडी बांधून ती भिंतीतल्या हुकाला अडकवलेली.

"भूकंपात सगळ्या माझ्या अंगावर पडल्या," वसुधाताई म्हणाल्या. "एकीनंही सॉरी म्हटलं नाही. तेव्हापासून बांधून ठेवते."

तेव्हा त्यांचा पुण्याचा भाचा रोज फोन करून परत या म्हणायचा. त्यांनी त्याला सांगितलं होतं, "अर्ध्या शिवलेल्या बायका टाकून कशी येऊ? त्यांच्या अंगावर धड कपडे नाहीत."

काम असं होतं. कावासाकीकडच्या एका कॉलेजच्या छोट्या संग्रहालयाला कुणीतरी बारा जुनी चित्रं देऊन टाकली होती. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी युरोपात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली. देशोदेशीच्या बायका आणि त्यांचे कपडे. प्रत्येक पानावर एक बाई, खाली चार ओळींची माहिती. ते कपडे चित्रात आहेत तसे, खऱ्या मापात, पुतळीवर शिवून उभे करायचे. नऊ झाल्या होत्या. त्यातल्या सहा संग्रहालयाच्या व्हरांड्यात जाऊन उभ्या होत्या, बाकीच्या घरात. तीन शिवायच्या राहिल्या होत्या.

"सगळ्या मांजरपाटातच का?" मी विचारलं. "रंगीत कापड मिळत नाही का इथं?"

"चित्र काळं-पांढरं आहे. रंग काय होता मला माहीत नाही. तुला माहीत आहे?"

"नाही."

"मग गप्प बस."

चित्र कोरणारा कोण होता हे कुणालाच ठाऊक नव्हतं. खाली सही नव्हती. वसुधाताई त्याला 'भावजी' म्हणायच्या. लग्नाच्या पंक्तीत एखादा दीर असतो ना, काम कमी आणि मिरवणं जास्त, तसा त्यांनी तो मनाशी धरला होता. "इथं बघ, भावजींना जेवायला बोलावलंय," असं म्हणून त्या बाहीवरच्या घाईघाईच्या रेघा दाखवायच्या. रेघा वाचायला त्यांनीच मला शिकवलं. नुसत्या तिरक्या रेघा म्हणजे कापडावर सावली. रेघांवर आडव्या रेघा म्हणजे घडी. त्यावर तिसरा थर म्हणजे घडी इतकी खोल की आत बोट जाईल. आणि रेघा वाकड्यातिकड्या झाल्या की समजायचं, भावजींनी ही बाई कधी पाहिलेली नाही, कुणाच्या तरी सांगण्यावरून ठोकून दिलीय.

त्या कधी कुणाची स्तुती करायच्या नाहीत. चांगलं झालं तर गप्प राहायच्या, वाईट झालं तर म्हणायच्या "उसव". दिवसात दहा वेळा उसव. नवरोबांनी एकदा फोनवर तो आवाज ऐकला आणि मला विचारलं, "तुझ्या बॉसचं आडनाव उसव आहे का?" जेवायला बसल्या तरी टाचण्यांची गादी मनगटावरच. ट्रेनमध्येही. तोझाई लाइनला गर्दी झाली की त्या मनगट जरा पुढं काढायच्या, आणि भोवतालचे लोक नम्रपणे बाजूला व्हायचे.

सुई मात्र मी धरत नव्हते. मी मापं लिहीत होते, निशिमोरी-सानच्या ईमेलांना उत्तरं देत होते. निशिमोरी-सान म्हणजे संग्रहालयाचे प्रमुख. पन्नाशीचे, अतिशय सज्जन. त्यांनी आयुष्यात कधी 'नाही' म्हटलं नसावं. 'नाही' म्हणायचं असलं की ते मान किंचित वाकडी करून दातांतून हवा आत ओढायचे आणि म्हणायचे, "कठीण आहे." जपानात राहिलेल्या माणसाला कळतं, कठीण म्हणजे विषय संपला.

आता त्या सहांमधल्या जपानी बाईची गोष्ट.

भावजींनी एक जपानी बाईही कोरली होती, आणि वसुधाताईंनी ती जशीच्या तशी शिवून व्हरांड्यात उभी केली होती. तिच्या किमोनोची उजवी बाजू डावीवर आलेली होती. जपानात किमोनोची डावी बाजू वर घेतात. उजवी वर घेतात ती फक्त प्रेताला नेसवताना. म्हणजे कॉलेजच्या व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या समोर, एक मेलेली बाई उभी होती.

आम्ही दर बुधवारी तिथं जायचो. संग्रहालयात मदत करायला आसपासच्या आज्या यायच्या. धूळ झटकायच्या, माहितीचे कागद वाटायच्या. एका बुधवारी बघतो तर जपानी बाईचा किमोनो सरळ. डावी वर, एकही सुरकुती नाही. वसुधाताईंनी चौकशी केली. कुणालाच काही माहीत नव्हतं. त्यांनी टाचण्या काढल्या आणि बाईला पुन्हा मारलं. पुढच्या बुधवारी बाई पुन्हा जिवंत. ताईंनी पुन्हा मारली. असं दीड महिना चाललं. कुणी कुणाला एक शब्द बोललं नाही. भेटल्यावर दोन्ही बाजू कमरेतून वाकून नमस्कार करायच्या. आमच्या गल्लीत एवढ्यावरून दोन घरांनी एकमेकांच्या झिंज्या उपटल्या असत्या.

सातव्या बुधवारी पुतळीच्या पायाशी मोचीचा, म्हणजे तांदळाच्या गोड मिठाईचा, पुडा होता आणि त्यावर चिठ्ठी. आज्यांमधल्या सगळ्यात मोठ्या उएदा-सान यांची. त्यांनी लिहिलं होतं, आपण घेत असलेल्या कष्टांबद्दल आभार. फक्त तशा नेसण्यानं बाईंना गार वाटत असेल, असं मनात आलं.

वसुधाताईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. मोची खाल्ली. मग मला म्हणाल्या, "ग्रॅज्युएट, पर्समध्ये आरसा आहे?"

सगळ्या आज्यांना त्यांनी चित्रांभोवती गोळा केलं. बाराही बायका नीट बघा म्हणाल्या. सगळ्यांच्या पंखा, सुई, पळी, जे काही असेल ते डाव्या हातात. "एका गावात दोन डावखुऱ्या बायका मिळायची मारामार. ह्याला बाराच्या बारा डावखुऱ्या कशा मिळाल्या?" आणि त्यांनी माझा आरसा चित्राशेजारी धरला. आरशात सगळं सरळ. सुई उजव्या हातात, किमोनोची डावी बाजू वर. भावजींनी समोरचं चित्र बघून तांब्यावर जसंच्या तसं कोरलं होतं, आणि कागदावर छापल्यावर ते उलटं उमटलं होतं.

उएदा-सान यांनी माझ्या आरशात पाहिलं. मग स्वतःच्या पर्समधली पावडरची डबी उघडून तिच्या आरशातही पाहिलं. आमच्या आरशावर त्यांचा विश्वास नसावा. मग त्या पुतळीपुढे गेल्या, वाकल्या आणि तिला म्हणाल्या, "फार दिवस त्रास काढलात."

येताना ट्रेनमध्ये मी वसुधाताईंना म्हटलं, "चूक कळलीय तर बरोबरच शिवू या की. आज्याही खूश, आपणही."

"लोकांनी तीनशे वर्षं ही बाई अशीच पाहिली. आता आपण गुपचूप सरळ केली तर भावजींनी चूक केली होती हे कुणाला कळणार? चूक चुकीसारखीच शिवायची आणि शेजारी आरसा लावायचा. लपवाछपवी कशाला?"

तेव्हापासून तिथं भिंतीवर आरसा आहे. आज्या येणाऱ्या प्रत्येक माणसाला त्यापुढं धरून उभं करायच्या आणि आमच्यापेक्षा दुप्पट उत्साहानं समजावायच्या.

मग दहावी झाली, अकरावी झाली, आणि राहिली ती बारावी. ती आपली. चित्राखाली लिहिलं होतं, हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरातली, श्रीमंत व्यापाऱ्याची बायको. वर फितीनं आवळलेली युरोपी चोळी, कारण भावजींना दुसरी चोळी ठाऊकच नव्हती. आणि खाली नुसता कापडाचा गोंधळ. काठ गुडघ्यापाशी निघायचा, मांडीपाशी नाहीसा व्हायचा, पाठीवरून येऊन डोक्यावर जायचा, आणि मग एक काठ उगाचच खांद्यावरून लोंबायचा. मोजावं तितके काठ वाढत जायचे. वसुधाताईंनी एक लांब पट्टी कापून पुतळीला वीस प्रकारे गुंडाळली. एकदाही जमलं नाही.

"भावजींनी ह्या वेळी दारू घेतलीय," त्या म्हणाल्या. तीन महिने आम्ही दोघी त्या माणसाचा उद्धार करत होतो.

निशिमोरी-सान घरी आले. मार्चच्या शेवटी बाराही पुतळ्यांचं मोठं प्रदर्शन ठरलं होतं. त्यांनी चहा घेतला, मान वाकडी केली, दातांतून हवा ओढली. बारावी वेळेत होणं कठीण दिसतंय. तर अकराच मांडू या. किंवा निशी-कसाईत तयार साड्या मिळतात असं ऐकलंय, त्यातली एखादी सुंदरशी नेसवली तर?

"निशिमोरी-सान," वसुधाताई त्यांच्या त्या अस्खलित, अतिविनम्र जपानीत म्हणाल्या, "तुमच्या जपानी बाईला हॉटेलात झोपताना घालतात तो युकाता नेसवू का? सुंदरसा?"

निशिमोरी-सान यांनी मार्चच्या मध्यापर्यंत मुदत दिली. त्या तारखेला बारावी उभी नसली तर ती चित्रापुरतीच राहणार होती.

त्याच आठवड्यात मला एक गोष्ट कळली. ती खरं म्हणजे मला बरीच आधी कळायला हवी होती. गेले काही महिने वसुधाताई माझ्याकडून सुया ओवून घ्यायच्या. "मला कंटाळा आलाय, तू ओव." ओवणं म्हणजे शिवणं नव्हे, अशी मी मनाची समजूत घातली होती. चित्र पुढ्यात ठेवून त्या म्हणायच्या, "सांग बघू, डाव्या गुडघ्यापाशी किती थरांच्या रेघा?" मला वाटायचं, माझी परीक्षा चाललीय. मी बी.कॉम.च्या तोऱ्यात फडाफडा उत्तरं द्यायची. त्या दिवशी मी चहा ठेवून आले तर त्या चित्रावर बोट ठेवून मला समजावत होत्या, इथं पदर डोक्यावरून येतो बघ. बोट बाईच्या पावलांवर होतं. चित्र उलटं ठेवलेलं होतं.

मी ते सरळ केलं. दुसरी एखादी गप्प बसली असती. मला ते जमत नाही.

"ताई, तुम्हाला दिसत नाहीये."

"मोठ्यानं बोल. शेजारच्या बिल्डिंगला ऐकू गेलं नसेल."

"कधीपासून?"

"मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं. तू बाजूला बसलीस की दिसतेस. समोर आलीस की सुटका होते." मग म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतो, कठीण आहे."

अकरा बायका त्यांच्या हातच्या. बारावी दुसऱ्या कुणी तरी शिवायची किंवा अजिबात शिवायची नाही, एवढंच उरलं होतं. निशिमोरी-सानना सांगायचं नाही, अशी मला ताकीद मिळाली. त्या मला शिव म्हणाल्या नाहीत. मी सुई का धरत नाही ते त्यांनी पूर्वी एकदाच विचारलं होतं. मी सांगितल्यावर "शहाणपणा आहे" एवढंच म्हणाल्या होत्या.

पण आधी ते कापड सुटायला हवं होतं. मी चित्राचा फोटो काढून भावाला पाठवला आणि रविवारी त्यांच्याच घरून आईला स्काईप लावला. भावानं तिकडं लॅपटॉप परकरांच्या गठ्ठ्यावर ठेवला होता. त्यानं छापून आणलेलं चित्र आईनं डोळ्यांजवळ धरून पाहिलं.

"ह्या बाईचं डोकं ठिकाणावर हाय न्हवं? पदर उजवीकडं का काढलाय?"

"छापताना उलटं झालंय आई. ते सोड. तिनं नेसलंय काय ते सांग. आम्हाला तीन महिने एक लुगडं गुंडाळता येईना."

"एक कुठलं? दोन हायती."

वसुधाताई खुर्चीत ताठ झाल्या.

"दोन लुगडी गं," आई म्हणाली. "एक नेसलंय, एक वरनं पांघरलंय. आमची आत्ती माहेराला जाताना असंच जायाची. उन्हाळा असू दे न्हाई तर काय. घरात दुसरं लुगडं हाय हे वाटंवरच्या गावांना कळाय नको? दोन्ही अंगावरच. घामानं मरायची, पण काढायची न्हाई."

तीन महिने आम्ही ज्याला दारुडा म्हणत होतो त्या भावजींनी ह्या एका ठिकाणी बघितलं तेच कोरलं होतं. व्यापाऱ्याची बायको आपली श्रीमंती दोन थरांत पांघरून चित्रासाठी उभी राहिली होती.

"अहो ताई," वसुधाताई पुढं वाकून म्हणाल्या, "नेसवून दाखवता का?"

"कुणाला नेसवू? घरात बाईमाणूस मी एकटी. मला नेसून सांगता येत न्हाई." मग आई मागं वळली. "अहो, इकडं या. हुभं ऱ्हावा असं."

माझे वडील, उभा जन्म यंत्रमागावर काढलेला माणूस, बनियनवर कॅमेऱ्यासमोर येऊन उभे राहिले. आईनं त्यांना हिरवं लुगडं नेसवलं, मागं काष्टा घातला आणि वर जांभळं पांघरलं. उलटं पाहिजे म्हटल्यावर सगळं सोडून उलटं नेसवलं. वडील दोन्ही हात पसरून उभे होते. भाऊ मागं लोळून हसत होता.

वसुधाताईंना पडद्यावरचं दिसत नव्हतं. "सांग मला," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "कसा दिसतोय?"

"भावजींनी काढल्यासारखा."

त्या इतक्या हसल्या की गादीतल्या टाचण्या गळून पडल्या. स्काईप बंद केल्यावर म्हणाल्या, "तुझ्या आईला कामावर घ्यायला हवं होतं. मी घेतली ग्रॅज्युएट."

दुसऱ्या दिवशी मी सुई ओवली आणि त्यांच्या हातात द्यायच्या ऐवजी स्वतः कापडात घातली. त्यांनी खुर्ची ओढून माझ्या बाजूला घेतली, जिथून त्यांना मी दिसत होते.

पुढचे सात आठवडे मी इतकं शिवलं की आईला कळवायची लाज वाटत होती. भावजींच्या चित्रातल्या निऱ्या दगडात खोदल्यासारख्या उभ्या होत्या. मांजरपाट तसा उभा राहीना, म्हणून प्रत्येक निरी आतून बारीक टाक्यांनी धरायची. मी दहा निऱ्या घातल्या की वसुधाताई हात पुढं करायच्या. कापड बोटांखालून सरकवत न्यायच्या, डोळे खिडकीकडे. मध्येच बोट थांबायचं.

"इथं काय झालं?"

"ह्यांचा फोन आला होता."

"नवरा टाक्यात दिसतोय. उसव."

एकदा मी वैतागून म्हटलं, "ताई, आतली बाजू आहे. कोण बघणार आहे?"

"मी."

"तुम्हाला कुठं दिसतंय?"

"म्हणून तर बाहेरच्या झगमगाटाला फसत नाही. उसव."

घरी नवरोबा खिचडी करायला शिकले. सात आठवडे तीच खिचडी. मार्चच्या मध्याला निशिमोरी-सान आले तेव्हा बारावी बाई कमरेला नाडी बांधून भिंतीशी उभी होती. दोन लुगडी, युरोपी चोळी, उजव्या खांद्यावर पदर. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मान सरळच राहिली. मग वसुधाताईंनी त्यांना डोळ्यांचं सांगितलं आणि हेही सांगितलं, की बारावीच्या पाटीवर माझं नाव नको, ह्या पोरीचं घाला. ते गुडघ्यांवर हात ठेवून खोल वाकले. आधी त्यांच्यापुढे आणि मग माझ्यापुढे. माझ्यापुढे इतकं आजवर कुणी वाकलेलं नाही. मला काय करावं कळेना, म्हणून मी त्यांना चहा विचारला.

प्रदर्शन सुरू झालं त्या दिवशी गर्दी होती. 'कृपया स्पर्श करू नये' अशी मोठी पाटी होती आणि पाटीशेजारी उएदा-सान राखणीला. वसुधाताई माझा दंड धरून थेट बारावीपाशी आल्या आणि त्यांनी तिच्या निऱ्यांत हात घातला. उएदा-सान ताबडतोब वळल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहून, मागून येणाऱ्या लोकांना भिंतीवरचं अग्निशामक यंत्र दाखवू लागल्या.

ताईंची बोटं सावकाश पुढं गेली. आत, बाहेर, पुन्हा आत. एका निरीपाशी थांबली.

"हे काय?"

मी वाकून पाहिलं. टाका सैल होता.

"उसवू?"

"आत्ता नको, लोक आहेत. बुधवारी ये."

बुधवारी मी गेले. पुतळीच्या पायाशी जमिनीवर बसून ती निरी उसवली, पुन्हा घातली, गाठ मारली. वसुधाताई तिथंच खुर्चीवर बसल्या होत्या. शेजारी उएदा-सान होत्या. दोघी मोची खात होत्या आणि समोर उभ्या असलेल्या कॉलेजच्या चार मुलींना ताई ठणकावून सांगत होत्या, की ही बाई फार गर्विष्ठ होती आणि नवऱ्याशी तिचं पटत नसे. ह्यातलं एक अक्षरही चित्राखाली लिहिलेलं नाही. मुली वहीत उतरवून घेत होत्या. माझं झाल्याचं मी सांगितलं तेव्हा त्यांनी बोलणं न थांबवता डावा हात मागं केला, निरी चाचपली आणि हात परत मोचीच्या पुड्याकडे नेला. उसव म्हणाल्या नाहीत.

त्या उन्हाळ्यात भाचा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

बाराही बायका आज त्या संग्रहालयात उभ्या आहेत. बारावीत वसुधाताईंचा एकही टाका नाही, आणि त्यांनी हात फिरवून पाहिला नाही असाही एक टाका नाही. ती मी शिवली.